एकमताचा रकाना

शेत क्रमांक अकराशे आठ.
आमच्या काउंटीच्या नकाशावर ते
घडी मोडलेल्या रुमालासारखं दिसतं,
चौकोनी, आणि एका कोपऱ्यात
ओढ्याने चुरगळलेलं.

जमीन दोघांची, अर्धी अर्धी.
एमिल ड्वोराचेक सोमवारी येतो,
लाद ड्वोराचेक कधीही, सोमवार सोडून.
एकोणीस वर्षं मी दोघांनाही विचारते, "कॉफी?"
एमिल नको म्हणतो.
लाद दोन कप पितो,
आणि दुसरा कप अर्धा झाला की
"शेजारच्याने काय पेरलं?"
एवढंच.

भांडण कशाचं ते विचारू नका.
कोणी म्हणतं धान्य वाळवायच्या यंत्राचं,
कोणी म्हणतं आईच्या पियानोचं.
पियानो अजून कोठारात आहे, ताडपत्रीखाली.
उंदीर रात्री त्याच्यावरून चालतात.

सरकारला यातलं काही ठाऊक नाही.
सरकारला ठाऊक आहे मका.
तोही आताचा नव्हे,
बापाने ऐंशीच्या सुमारास पेरलेला,
एकशे बेचाळीस एकर, कागदावर अजून उभा.
त्याला ना गारा लागल्या, ना खोडकिडा,
त्याचा तुरा कधी वाळला नाही.
त्या जमिनीत आता एमिलचे ओट आहेत, लादचं सोयाबीन;
पण बाजार पडला की पैसे येतात
ते त्या मक्याचे.
मेलेल्या माणसाच्या पिकाची
वॉशिंग्टन अजून राखण करतं.
हे मी कोणाला असं सांगत नाही.
खिडकीवर मी नुसतं "आधारक्षेत्र" म्हणते
आणि बोट ठेवते: इथे सही.

अट एकच.
योजना कुठली घ्यायची, भावाची की उत्पन्नाची,
त्यावर सगळ्या वाटेकऱ्यांचं एकमत हवं.
एक सही राहिली
तर त्या वर्षी कोणालाच काही नाही.
म्हणून वर्षातून एकदा
एका पानावर, दोन बोटांच्या अंतराने,
दोघं शेजारी शेजारी असतात.

त्या मार्चात चौदा तारीख उलटत आली
तरी लादचा रकाना कोरा.
एमिल आला. गुरुवारी.
बुटांचा चिखल पुसला नाही,
काचेवर वाकून म्हणाला,
"भावाचं काय?"
मी सांगितलं: बुशेलला चार डॉलर दहा,
कालच्यापेक्षा दोन सेंट खाली.
तो हलला नाही.
टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला,
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.
"ओमाहाला," मी म्हणाले, "हृदयाच्या दवाखान्यात.
बायको फॉर्म घेऊन गेली आहे."
हे सांगायची मला परवानगी नव्हती.

सही दुसऱ्या दिवशी आली,
दार बंद व्हायला वीस मिनिटं असताना.
रेषेवरून घसरलेली,
पेरणीयंत्र चिखलात सरकावं तशी.
नियमाप्रमाणे वैध.

आणि बघा, त्या वर्षी दूर कुठेतरी पाऊस झाला नाही,
मका महाग होऊन बसला,
दोघांनाही एकसारखं पत्र गेलं:
देय रक्कम शून्य.
पाकिटं मीच चिकटवली.

पुढच्या मार्चात दोन गाड्या आल्या,
दहा मिनिटांच्या अंतराने.
सोमवार होता.
लाद बारीक झालेला, पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक.
कॅलेंडरखालच्या एकुलत्या खुर्चीवरून एमिल उठला
आणि भिंतीवरचा गारपीट विम्याचा तक्ता वाचू लागला,
जो विमा तो तीस वर्षं घेतो आहे.
लाद बसला.
मी काचेखालून एकच पेन सरकवलं.
दुसरं ड्रॉवरमध्ये होतं.

"कॉफी?"
"एकच कप," लाद म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."
एमिलने पाठ वळवली नाही.
"दुसरा इकडे दे," म्हणाला.